मातीचं धरण पुराला टिकतं का? आधी पाणी कुठून येतं ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. करवीर तालुक्यात पंचगंगेपासून थोडं आत तुमचं गाव. गावाच्या वर डोंगरातून येणारा ओढा, आणि दोन-चार वर्षांनी एकदा घरात पाणी. आता त्या ओढ्यावर फक्त पूर अडवण्यासाठी मातीचं धरण बांधावं आणि एरवी ते रिकामं ठेवावं, अशी मागणी पुढं आली आहे. बांधाखाली पहिली घरं तुमच्याच भावकीची, त्यामुळं तुमच्या डोळ्यांसमोर भुदरगडातला फुटलेला मेघोलीचा तलाव येतो. मातीची भिंत पुरात टिकते का, काँक्रीटचीच मागायची का, आणि ग्रामसभेत नेमकं काय विचारायचं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

माझी नोकरी लघुपाटबंधारे तलावांवर गेली. आधी बांधकामावर होतो, नंतर बरीच वर्षं देखभालीला. त्या अनुभवावर लिहितो. पण जागा, माती आणि ओढा न बघता कुणी "बिनधास्त बांधा" किंवा "अजिबात बांधू नका" असं छातीठोक सांगितलं तर त्याचं ऐकू नका. त्यात मीही आलो.

"आमच्या गावात पूर येतो" या वाक्यात दोन वेगळे पूर दडलेले असतात. एक वरून येणारा, ओढ्याचा. दुसरा खालून चढणारा, नदीच्या फुगीचा. ओढ्याचा पूर जोराच्या पावसानंतर काही तासांत येतो. पाणी लालभडक गढूळ असतं, त्याला ओढ असते, काठाची झुडपं आणि कुंपणं तो घेऊन जातो आणि पाऊस उघडला की उतरतोही लवकर. फुगीचं पाणी इंचाइंचानं चढतं. ते शेताच्या खालच्या बांधावरून आत येतं, त्याला फारसा वेग नसतो, गावात पाऊस थांबला तरी चढत राहतं आणि दिवसच्या दिवस हलत नाही. पंचगंगेकाठच्या चिखली-आंबेवाडीकडच्या माणसाला हे शिकवायची गरज नाही.

गावात पाणी आल्याच्या जुन्या तारखा काढा आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीशी ताडून बघा. तिथं ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका पातळी धरतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि २०२१ ला ५६ फुटांच्या वर. तुमच्या गावात फक्त अशाच वर्षी पाणी येत असेल, तर तो फुगीचा पूर आहे. वरच्या ओढ्यावर कितीही उंच बांध घाला, त्याला काडीचाही फरक पडणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पातळी ३० फुटांच्या आत असतानाही गावात पाणी शिरत असेल, तर मात्र तुमचा ओढाच दोषी आहे आणि धरणाचा विचार करण्यात अर्थ आहे. तिसरा प्रकार दोन्हींचा. नदी वर असली की ओढ्याचं पाणी नदीत जाईना, ते तोंडाशीच तुंबतं आणि मागं गावात पसरतं. अशा ठिकाणी वरचं धरण थोडी मदत करतं. पूर्ण सुटका करत नाही.

समजा पूर ओढ्याचाच आहे. मग हिशेब करू. ओढ्याचं पाणलोट क्षेत्र १० चौरस किलोमीटर धरा आणि एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस. आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत जुलै महिन्यात हा आकडा काही नवलाचा नाही. जमीन आधीच तुडुंब भिजलेली असली तर बहुतेक पाणी वाहूनच येणार. ते होतं सुमारे २० लाख घनमीटर, म्हणजे ७० दशलक्ष घनफूट. एका दिवसाचा एवढा पाऊस पोटात घ्यायचा तर धरणात तेवढी मोकळी जागा हवी. ती जागा म्हणजे कुणाची तरी जमीन.

हाच आकडा पंचगंगेपुढं ठेवला की धरणाची झेप कळते. राधानगरी धरणाचे सातही स्वयंचलित दरवाजे उघडले की प्रत्येकी १४२८ क्युसेकनं (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) जवळपास १० हजार क्युसेक पाणी सुटतं. तुमचं ७० दशलक्ष घनफुटांचं धरण तेवढं पाणी जेमतेम दोन तास अडवील. आणि राधानगरी हा पंचगंगेचा एकच हिस्सा. कासारी, कुंभी, तुळशी या नद्या आहेतच. तेव्हा "गावोगावी छोटी धरणं बांधली की कोल्हापूरचा महापूर थांबेल" असं कुणी भाषणात म्हणालं तर टाळ्या वाजवा आणि सोडून द्या. तुमच्या ओढ्याच्या पुरासाठी मात्र तेच धरण फार मोठं काम करू शकतं.

पूर अडवण्याचं धरण चालतं कसं? त्याच्या तळाशी एक कायम उघडं भोक असतं. ओढ्याचं रोजचं पाणी त्यातून आरपार जातं. लोंढा आला की भोकातून मावेल तेवढंच पाणी पुढं जातं, उरलेलं मागं साठतं आणि पुढच्या एक-दोन दिवसांत आपोआप निघून जातं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरात १९१३ साली मोठा पूर आला, शेकडो माणसं गेली. त्यानंतर मायामी नदीच्या खोऱ्यात अशी पाच मातीची धरणं १९२२ पर्यंत बांधून झाली. त्यांच्या तळाच्या मोऱ्यांना दरवाजेच नाहीत आणि ती आजही काम करतात. म्हणजे कल्पना जुनी आणि पारखलेली आहे. दरवाजा नसल्यामुळं मध्यरात्री कुणी कुणाला फोन करून "किती सोडू?" असं विचारायची वेळ येत नाही, हा तिचा मोठा गुण.

पण डेटन वेगळं आणि गगनबावडा वेगळा. आपल्याकडं पाऊस एक दिवस येऊन जात नाही, आठ-दहा दिवस झोडपतो. पहिल्या दोन दिवसांत धरण भरलं आणि तिसऱ्या दिवशी तेवढाच पाऊस आला, तर भरलेलं धरण काहीही अडवत नाही. आलेलं सगळं पाणी सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी जायच्या वाटेनं, जसंच्या तसं खाली येतं. म्हणून तळाचं भोक किती मोठं ठेवायचं यावर सगळा खेळ आहे. लहान ठेवलं तर धरण लवकर भरतं, मोठं ठेवलं तर खाली पूर येतोच. तुमच्या ओढ्याचं पात्र गावातून जाताना किती पाणी काठ न सोडता नेतं, ते मोजल्याशिवाय हे ठरत नाही. पुष्कळदा असं दिसतं की पात्रावर अतिक्रमण झालंय, रस्त्याच्या मोरीत अर्ध्यापर्यंत गाळ आहे आणि लोक मागणी धरणाची करताहेत. आधी मोरी रुंद करा, मग बोलू.

आणखी एक अडचण, जी कुठल्याही आराखड्यात नसते. धरण बांधून चार-पाच वर्षं झाली आणि मोठा पूर आला नाही, की लोक म्हणायला लागतात, "एवढा बांध घातलाय, नुसता कोरडा कशाला ठेवायचा? दोन मीटर पाणी ठेवा की, ऊस वाळतोय." मग भोकापुढं फळ्या लागतात, पुढच्या वर्षी काँक्रीटचा कठडा होतो, आणि पूर अडवायची जागा उसाच्या पाण्यानं भरून जाते. उसाला पाणी लागतं हे मला मान्य आहे. पण एकाच जागेत पाणीही ठेवायचं आणि पुरासाठी ती रिकामीही ठेवायची, हे जमत नाही. दोन्ही हवं असेल तर दोन्हींची जागा आराखड्यातच वेगळी धरावी लागते, भिंत तेवढी उंच करावी लागते आणि जमीनही तेवढी जास्त जाते.

आता मातीच्या टिकाऊपणाचं. मातीची भिंत कच्ची असते हा गैरसमज आहे. महाराष्ट्रातली बहुसंख्य धरणं मातीचीच आहेत. मधे काळ्या चिकण मातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरमाचं आवरण, गाभ्याखाली पक्क्या थरापर्यंत खोदलेला आणि त्याच मातीनं भरलेला चर, पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग (बसवलेल्या दगडांचा थर), खालच्या बाजूला गवत आणि पायथ्याला रॉक टो, म्हणजे पाझर बाहेर जाऊ देणारा दगडांचा बांध. थर पातळ टाकून, योग्य ओलाव्यावर रोलरनं दाबून बांधली तर ही भिंत पिढ्यान् पिढ्या उभी राहते. ती मोडते मुख्यतः तीन कारणांनी: पाणी माथ्यावरून गेल्यानं, आतून पोखरली गेल्यानं, किंवा उतार घसरल्यानं.

माथ्यावरून पाणी गेलं की मातीचं धरण संपलं. काँक्रीटचं धरण तो मार काही वेळ सोसतं, मातीचं सोसत नाही. गुजरातेत मोरबीच्या वर मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ ला गेलं ते असंच. सांडव्याच्या ताकदीबाहेरचा पूर आला आणि दोन्ही अंगांचे मातीचे बांध ओलांडून पाणी गेलं. म्हणून मातीच्या धरणाचा जीव सांडव्यात असतो. भारतीय मानकानुसार लहान धरणाचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी धरतात. ऐकायला हे भरपूर वाटतं. पण दर वर्षी एक टक्का शक्यता म्हणजे पन्नास वर्षांत तो पूर किंवा त्याहून मोठा पूर एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास ४० टक्के. खाली वस्ती असेल तर त्याहून मोठा पूर धरायला तेच मानक मोकळीक देतं. तुमच्या बाबतीत घरं बांधाला लागून आहेत, तेव्हा "सांडवा कुठल्या पुरासाठी?" हा प्रश्न सोडू नका. सांडवा नैसर्गिक डोंगराच्या खिंडीत, कठीण खडकावर असावा. भरावावरून काढलेला सांडवा मला कागदावरही बघवत नाही.

आतून पोखरलं जाणं हे जास्त चोरटं. पाण्याला भिंतीतून किंवा भिंतीखालून बारीक वाट सापडते, ते जाता जाता मातीचे कण घेऊन जातं, वाट रुंदावते, आणि एका रात्रीत बोगदा होतो. या वाटा बहुतेक वेळा विमोचकाच्या (धरणातून पाणी बाहेर सोडायच्या मोरीच्या) नळाला लागून सुरू होतात, कारण काँक्रीट आणि माती यांच्या सांध्यावर रोलर नीट फिरत नाही. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं, तेव्हाही दुखणं विमोचकापाशीच होतं; काम अर्धवट असताना धरण भरलं होतं. आपल्या भुदरगडातला मेघोलीचा तलाव १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री फुटला आणि एका बाईचा जीव गेला. गळतीबद्दल गावात आधीपासून बोललं जात होतं, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. गळती अशीच असते. आधी वर्षानुवर्षं ओळखीची होते, मग कुणी तिच्याकडं बघत नाही.

इथं तुमच्या प्रश्नाचा गाभा येतो. पाणी साठवणाऱ्या तलावाची परीक्षा दर वर्षी होते. तो भरतो, महिनोन्‌महिने भरलेला राहतो, कुठं पाझरतो ते सगळ्या गावाला माहीत असतं. पूर अडवणारं धरण एरवी कोरडं असतं. त्याची परीक्षा होते ती नेमकी पुराच्या दिवशी, काही तासांत, रंगीत तालमीशिवाय. जुन्या तलावाबद्दल आम्ही म्हणतो की पहिलं भरणं पार पडलं म्हणजे निम्मी काळजी गेली. कोरड्या धरणाचं प्रत्येक मोठं भरणं हे पहिलंच भरणं समजायचं.

त्यात आपली काळी माती. एप्रिल-मेमध्ये शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती गाभ्यात आहे. साठवण तलावात गाभ्याचा खालचा भाग ओला राहतो. कोरड्या धरणात तो उन्हाळाभर सुकतो. लांबीच्या दिशेनं गेलेली भेग फारशी घातक नसते. आडवी, म्हणजे पाण्याच्या बाजूकडून खालच्या बाजूकडं गेलेली भेग मात्र थेट वाट असते. जुलैच्या पहिल्या लोंढ्यात ती भिजून मिटायच्या आत पाणी आरपार जाऊ शकतं.

यावर उपाय आहेत आणि ते बांधतानाच करायचे असतात. गाभ्याचा माथा उघडा न ठेवता त्यावर मुरमाचा चांगला थर द्यायचा. आणि गाभ्याच्या मागं वाळूचा उभा पडदा घालायचा. हा पडदा चहाच्या गाळणीसारखा असतो: पाणी जाऊ देतो, मातीचे कण अडवतो. गाभ्याला भेग पडली तरी माती वाहून जात नाही आणि भेग आपोआप बुजत जाते. लहान कामांत खर्च वाचवायला सगळ्यात आधी हीच वाळू कमी होते, कारण ती दिसत नाही. कोरड्या धरणात ती नसेल तर माझ्या मते ते धरण बांधूच नये.

भेग किती खोल आहे हे बघायची आमची पद्धत साधी आहे. भेगेत चुन्याचं दाट पांढरं पाणी ओततात. ते मुरू देतात. मग भेगेला आडवा छोटा खड्डा थराथरानं खणत खाली जातात आणि पांढरी रेघ कुठं संपते ते बघतात. रेघ हातभर खोलीवर संपली तर तेवढी माती काढून, भिजवून, पुन्हा दाबून भरतात. ती खाली खाली जातच राहिली तर काम थांबवून वरिष्ठांना बोलवायचं. नुसती वरून माती ओढून भेग झाकणं हे सगळ्यात वाईट. मे महिन्याच्या पाहणीत असं लिंपण दिसलं की मी तिथंच टिकाव मागवायचो.

पाया विसरू नका. राधानगरी-भुदरगडच्या माथ्यांवर जांभा आहे, आणि पन्हाळ्याकडंही आहे. जांभ्यात पोकळ्या असतात, त्यातून पाणी खेळतं. तुमच्या जागेवर चर जांभ्यातच थांबवला तर भिंत कितीही चांगली बांधा, पाणी तिच्या खालून जाईल. चर खालच्या घट्ट थरापर्यंत जातो का, हे विंधन छिद्रं घेऊनच कळतं. त्या छिद्रांचा अहवाल बघायला मागा.

उतार घसरण्याचं थोडक्यात सांगतो. धरण भरलेलं असताना माती पाणी पिते. पाणी झपाट्यानं उतरलं की बाहेरचा आधार जातो, आतलं पाणी मात्र अडकून राहतं, आणि पाण्याच्या बाजूचा उतार खाली बसतो. पूर अडवणारं धरण भरतं आणि लगेच रिकामं होतं, म्हणून हा प्रसंग त्याच्या वाट्याला वरचेवर येतो. आराखड्यात आतला उतार पुरेसा सपाट हवा, एवढं लक्षात ठेवा.

आता देखभाल. बांधकाम एकदाच होतं, देखभाल दर वर्षी, आणि धरणं बहुतेक तिथंच मार खातात. तिवरे धरण २०१९ च्या जुलैत फुटल्यावर खेकड्यांची फार थट्टा झाली. खेकड्यांवर खापर फोडणं चुकीचं होतं, पण बिळं हा विषय थट्टेचा नाही. घूस, उंदीर, साळिंदर, खेकडे सगळे बांधात घरं करतात. बिळ बुजवलं पाहिजे, पण त्याआधी ते दिसलं पाहिजे. आणि बांधावर घाणेरी, बाभूळ, बोरीचं रान माजलं असेल तर काय दिसणार? झाडांची मुळं जिवंत असताना माती धरतात असं लोक म्हणतात. झाड मेल्यावर तेच मूळ कुजतं आणि आत नळी तयार करतं. बांधावर गवत हवं, झाड नको. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला मोकळी जागा म्हणून बांध सुचवणारे पाहुणे मी पाहिलेत.

कोल्हापुरात सगळ्यात जास्त भीती मला वाटते ती उपसा पाइपलाइनची. माथ्यावरून पाइप नेला तर मोटारीला चढ पडतो, म्हणून रात्रीत जेसीबी लावून बांधात चर मारायचा, पाइप टाकायचा आणि वरून माती ढकलायची. त्या पाइपभोवतीची माती कधीच दाबली गेलेली नसते. भरलेल्या धरणात ती तयार वाट असते. हे करणारा माणूस परका नसतो, आपल्याच गावचा असतो, म्हणून तक्रार कुणी करत नाही. धरण झालं तर "बांधातून एकही पाइप जाणार नाही" हा ठराव पहिल्याच ग्रामसभेत करून घ्या, आणि पहिला पाइप दिसला त्या दिवशी भांडण घ्या. दहावा दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

तसंच सांडव्याचं. साठवण तलावांवर मासेमारीचे ठेकेदार मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळी बांधतात. पुरात त्या जाळीत पाला, ओंडके, प्लॅस्टिक अडकतं आणि जाळीची भिंत होते. सप्टेंबरात शेतकरी थोडं जास्त पाणी राहावं म्हणून सांडव्यावर वाळूच्या पिशव्या रचतात. दोन्हींचा अर्थ एकच: माथा आणि पुराची पातळी यांच्यात सुरक्षिततेसाठी ठेवलेली उंची खाऊन टाकली. तुमच्या कोरड्या धरणात हाच धोका तळाच्या भोकाला आहे. ओढ्यातून येणारे ओंडके आणि उसाचा पाला तोंडावर अडकला की धरण भरायला लागतं, आणि जे तीन दिवसांत भरायचं ते एका दिवसात भरतं. तोंडापुढं तिरपी लोखंडी गजांची चौकट हवी, आणि पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या सरीनंतर ती साफ करणारा माणूस हवा. कंत्राटी असला तरी चालेल, पण त्याचं नाव आणि पगार कागदावर हवा.

पाणी अडलेलं असताना बांधावर फिरायचं कसं, तेही सांगतो, कारण हे काम गावातल्या पोरांनाही जमतं. माथ्यावरून फिरून उपयोग नाही. खालच्या बाजूनं, पायथ्याला लागून चालायचं. गवत एकाच जागी जास्त हिरवं, पायाखाली भुसभुशीत लागणं, पाण्याचा बारीक झरा. थोडा पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला असतो, त्याला घाबरायचं नाही. बघायचं असतं ते तीन गोष्टींत: तो वाढतोय का, त्याची जागा बदलतेय का, आणि तो गढूळ आहे का. पारदर्शक काचेच्या बाटलीत झऱ्याचं पाणी घ्या, उजेडाकडं धरा, तासभर ठेवून तळ बघा. स्वच्छ असेल तर तारीख टाकून बाटली ठेवून द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. तळाला गाळ बसत असेल, म्हणजे आतली माती बाहेर येते आहे, तर तो रात्री-अपरात्री फोन करायचा प्रसंग आहे.

अशा वेळी लोक हमखास एक चूक करतात. झऱ्याच्या तोंडावर चिकण माती किंवा पिशव्या दाबून तो बंद करतात. पाणी थांबत नाही, आतला दाब वाढतो आणि ते शेजारून जास्त जोरात फुटतं. करायचं ते असं: तोंडावर आधी वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी, आणि वर दगड. पाण्याला वाट द्यायची, मातीला अडवायचं. म्हणून पावसाळ्याआधी बांधाच्या पायथ्याशी वाळू आणि दोन मापांच्या खडीचे ढीग तयार ठेवायचे असतात. जुलैत चिखलातून डंपर वर जात नाही. आणि हे करताना खालची घरं रिकामी करायची, झरा आटोक्यात येईल की नाही याची वाट बघत बसायचं नाही. बांधाला लागून असलेल्या घरांना फुटल्यावर मिळतात ती मिनिटं असतात, तास नव्हे.

आतापर्यंतचं एवढं धरून ठेवा: पूर ओढ्याचा असेल तरच धरण कामाचं, वाळूचा पडदा आणि भरवशाचा सांडवा असेल तरच मातीचं धरण चालेल, आणि ते कायम रिकामं ठेवण्याची व दर वर्षी बघण्याची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर असेल तरच ते बांधावं.

ही जबाबदारी कायद्यानं कुणाची? धरण सुरक्षा कायदा २०२१ चा. तो १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी लांबी, साठा, पूर किंवा पाया यांच्या ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्यांना. त्यांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी, आपत्कालीन कृती आराखडा, हे सगळं बंधनकारक आहे. तुमचं धरण नऊ मीटरचं निघालं तर ते या कायद्याच्या बाहेर पडेल. धोका मात्र बाहेर पडणार नाही. तो भिंतीच्या उंचीपेक्षा खाली किती घरं आहेत यावर ठरतो. म्हणून धरण जिल्हा परिषदेकडं असो, मृद व जलसंधारणकडं असो की जलसंपदाकडं, दोन पाहण्या आणि कृती आराखडा यांची अट मंजुरीच्या कागदातच लेखी घालून घ्या. पाहणीचे अहवाल माहिती अधिकारात मिळतात. आधी तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या जुन्या तलावाचे गेल्या तीन वर्षांचे अहवाल मागवून बघा. दर वर्षी तेच वाक्य उतरवून काढलेलं दिसलं तर नव्या धरणाचं काय होणार याचा अंदाज येईल.

काँक्रीटचं मागायचं का? जागेवर वरवर कठीण खडक असेल, दरी अरुंद असेल आणि सांडव्याला खिंड मिळत नसेल, तर काँक्रीटची किंवा दगडी भिंत बरी, कारण पाणी तिच्या अंगावरूनच जाऊ शकतं. दरी रुंद आणि पाया मऊ असेल तर काँक्रीट महागही पडतं आणि बसण्याचा धोकाही असतो. नुसत्या "पक्कं" या शब्दासाठी ते मागू नका.

ग्रामसभेत मी असतो तर आधी बुडीत क्षेत्राचं विचारलं असतं. कोरडी जमीन दहा वर्षं कोरडी दिसली की तिच्यावर गोठा येतो, मग शेड, मग घर. अमेरिकेत ह्यूस्टनच्या अॅडिक्स आणि बार्कर या पूर-धरणांच्या पोटात वस्त्या झाल्या होत्या; २०१७ च्या हार्वे वादळात धरणांनी आपलं काम केलं, आणि त्या साठ्याच्या पाण्यात हजारो घरं बुडाली. तेव्हा बुडीत जमीन संपादित होणार की मालकाच्याच नावावर राहून तिथं फक्त पीक घ्यायची परवानगी असणार, हे सात-बाऱ्यावर नोंदवून घ्यावं लागेल. धरण झालं म्हणून खालच्या बाजूची निळी आणि लाल पूररेषा (नकाशावरची पुराची हद्द, जिच्या आत बांधकामावर निर्बंध असतात) पुसायची नाही, हेही ठरावात घाला. धरणाच्या जिवावर ओढ्याच्या काठी नवे प्लॉट पडले, तर तुम्ही आज जेवढी माणसं वाचवायला निघालात त्याहून जास्त उद्या बांधाखाली असतील.

त्यानंतर विचारा: तळाचं भोक किती आणि धरण किती तासांत रिकामं होईल, सांडवा कुठल्या पुराचा, वाळूचा पडदा आहे का, पायाची छिद्रं कुठं घेतली, देखभालीचा निधी दर वर्षी कुठल्या शीर्षाखाली येणार, आणि रात्री दोनला पाणी गढूळ आलं तर गावातला माणूस कुणाला फोन करणार, तो उचलणार का. शेवटच्या प्रश्नावर सभेत हशा पिकेल. पिकू दे, उत्तर घेतल्याशिवाय खाली बसू नका.

तुमची भावकी बांधाखाली आहे म्हणून एक जास्तीचं सांगतो. बांधाची जागा ओढ्यावर अर्धा-एक किलोमीटर वर सरकवता येते का, ते विचारा. पाणलोट थोडं कमी होईल, साठा घटेल, अभियंता कुरकुर करील. पण घरं आणि भिंत यांच्यात अंतर मिळतं आणि निरोप पोचायला वेळ मिळतो. मला निवड करायची झाली तर थोडं लहान आणि थोडं दूर असलेलं धरण मी आधी घेईन.

पुढचं नेमकं सांगायचं तर मला तीन गोष्टी हव्यात. ओढ्याचं पाणलोट क्षेत्र किती, गावातल्या मोरीची रुंदी-उंची किती, आणि २०१९ व २०२१ च्या पाण्याच्या खुणा घरांच्या भिंतींवर कुठं आहेत. वरच्या गल्लीतल्या आणि खालच्या गल्लीतल्या खुणा एकाच पातळीत असतील तर तो फुगवटा. वरची खूण खालच्यापेक्षा उंच निघाली तर ओढा. पातळी नळीनं मोजली तरी चालेल, गवंड्याकडं असते. मोजून इथं टाका.